'बदनाम'मधलं 'बद' इंग्रजी 'बॅड'चं कोण लागतं?

सकाळी फुलांच्या फोटोंबरोबर फोनवर जे ज्ञान येऊन पडतं, त्यात एक प्रकार हमखास असतो: इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरं. 'गोल्फ' म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन'. रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं म्हणून 'सॅलरी'. आणि शेवटी जाड ठशात: 'फादर' हा आपल्या 'पितर'चा अपभ्रंश, म्हणजे इंग्रजी ही मुळात संस्कृतच.

यातली पहिली दोन विधानं साफ खोटी आहेत. तिसरं अर्धं खरं आहे. चौथ्यात एक मोठं सत्य दडलंय, पण ते उलट्या टोकाने धरलंय. हे कोण ठरवतं आणि कशावरून, हा खरा प्रश्न. शब्द कुठून निघाला, कोणकोणती रूपं घेत आला, याचा माग म्हणजे व्युत्पत्ती. आणि शब्द आधीपासून वापरात असताना लोकांनी मागाहून त्याला जुळवलेली गोष्ट म्हणजे लोकव्युत्पत्ती. फोनवर येते ती बहुतेक वेळा दुसरी.

पाचवी दिशा कोणती?

'न्यू' म्हणजे नवा. त्याचं अनेकवचन 'न्यूज', म्हणजे नव्या गोष्टी. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द लिखाणात सापडतो. तेव्हा लॅटिन आणि फ्रेंचमध्येही बातमीसाठी 'नव्या गोष्टी' याच अर्थाचे शब्द होते, त्यांच्या धर्तीवर इंग्रजांनी आपला घडवला. आपणही आलेल्या माणसाला 'काय नवीन-विशेष?' असंच विचारतो. शिवाय जुन्या लिखाणात हा शब्द 'एन-ई-डब्ल्यू-ई-एस' अशा पाच अक्षरांनी लिहिलेला दिसतो. दिशांची गोष्ट खरी मानायची तर त्यातल्या दुसऱ्या 'ई'साठी एक जादा दिशा शोधावी लागेल.

'गोल्फ' तर स्कॉटलंडच्या १४५७ सालच्या एका कायद्यातच आलेला आहे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून फुटबॉल आणि गोल्फ खेळत बसतात म्हणून राजाने दोन्हींवर बंदी घातली होती. स्त्रियांचा त्यात कुठे संबंध नाही. हा शब्द काठी किंवा दांडू या अर्थाच्या डच 'कोल्फ'शी जोडलेला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

'पॉश'ची गोष्ट मुंबईकरांना विशेष प्रिय, कारण तीत बोट मुंबईलाच लागते. विलायतेहून हिंदुस्थानकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे, म्हणून सावलीची. परतताना उजवी. श्रीमंत प्रवासी जाता-येता सावलीची खोली घेत आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची चार आद्याक्षरं उमटवलेली असत, असं सांगतात. भूगोल अगदी बरोबर आहे. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कोणाच्या हाती लागलेलं नाही. भारी, झकपक या अर्थाने 'पॉश' छापील स्वरूपात दिसतो तो १९१४च्या सुमाराला. त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या चोरभाषेत 'पॉश' म्हणजे चिल्लर पैसा असा एक शब्द होता, तो बहुधा रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या, भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. पैशावरून पैसेवाल्याकडे अर्थ सरकला असेल, असा अंदाज आहे. अंदाजच, खात्री नाही. तिकिटाच्या गोष्टीला मात्र अंदाजाइतकाही आधार नाही.

आद्याक्षरांचे शब्द नसतातच का?

असतात, पण आपल्याला वाटतात तितके जुने नसतात. रडार, लेझर, सिम हे खरेखुरे आद्याक्षरांचे शब्द आणि तिन्ही विसाव्या शतकातले. अशा शब्दांना इंग्रजीत 'ॲक्रोनिम' म्हणतात. ही संज्ञाही १९४०च्या आसपासचीच. त्यामुळे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या शब्दाची कोणी आद्याक्षरं फोडून दाखवायला लागला की तिथेच थबकावं.

एक सणसणीत अपवाद मात्र आहे आणि तो दिवसातून पन्नास वेळा आपल्या तोंडी असतो: 'ओके'. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल राइट'ची आद्याक्षरं 'ओ-डब्ल्यू', असला मामला. त्यातच 'ऑल करेक्ट'चं 'ऑल' ओ-वरून आणि 'करेक्ट' के-वरून लिहून 'ओके' झालं. २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापलेलं आहे. एरवी हे खूळ चार दिवसांत विरलं असतं. पण १८४०च्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते. त्यांचं गाव किंडरहुक, म्हणून ते 'ओल्ड किंडरहुक'. समर्थकांनी 'ओके' नावाचा क्लबच काढला आणि शब्द देशभर गेला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६०च्या दशकात हे सगळं उजेडात आणलं. तोवर 'ओके'च्याही डझनभर गोड गोष्टी फिरत होत्याच.

पुरावा कशाला म्हणायचं?

रीड यांनी केलं तेच. शब्द कोणत्या साली, कोणत्या कागदावर, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला ते शोधायचं. हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते ऑक्सफर्डच्या कोशासाठी. १८५७ साली लंडनमध्ये ती कल्पना निघाली, १८७९ साली जेम्स मरे संपादक झाले. जगभरचे हौशी वाचक जुनी पुस्तकं वाचत, एखादा शब्द दिसला की त्याचं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून पाठवत. मरे यांनी बागेत पत्र्याची खोली बांधून भिंतींना खण केले आणि त्यांत या चिठ्ठ्या लावत गेले. १८८४ साली पहिला भाग निघाला तेव्हा गाडी 'ए'पासून जेमतेम 'अँट'पर्यंत पोचली होती. काम पुरं झालं १९२८ साली. मरे १९१५मध्येच गेले.

या पद्धतीचा एक साधा फायदा आहे. गोष्ट शब्दाच्या आधी असली पाहिजे. शब्द १५व्या शतकातला आणि त्याची गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली १९व्या शतकात, तर ती मागाहून चिकटवलेली. मिठाच्या पगाराचं तसंच झालंय. 'सॅलरी' हा लॅटिन 'सालारियुम'वरून आला आणि तो 'साल' म्हणजे मीठ या शब्दावरून, इथपर्यंत ठीक. पण सैनिकाच्या ओंजळीत महिन्याकाठी मीठ टाकत होते, असा थेट पुरावा रोमन काळातला नाही.

दुसरा निकष व्याकरणाचा. 'बॉम्बे' हे पोर्तुगीज 'बोम बाहिया', म्हणजे 'चांगली खाडी', यावरून आलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी आहे. तिला 'बोआ' लागेल, 'बोम' नाही. 'चांगला खाडी' असं घरची भाषा बोलणारा कशाला म्हणेल? मुंबादेवीवरून मुंबई, आणि परक्या जिभेवर तिचं बॉम्बे, हाच रस्ता सरळ आहे.

दिसायला सारखे, नात्याने परके

आता 'बदनाम' घेऊ. हा फारसी शब्द; 'बद' म्हणजे वाईट, 'नाम' म्हणजे नाव. इंग्रजीत शब्दशः 'बॅड नेम'. दोन्ही तुकडे जुळतात! कोणालाही वाटेल, नातं असणारच.

पण मागे जाऊन पाहिलं तर चित्र बदलतं. फारसी 'बद'चं जुनं रूप 'वद' होतं; 'व'चा 'ब' नंतर झाला. इंग्रजी 'बॅड' साधारण तेराव्या शतकाच्या आसपास लिखाणात दिसायला लागतो. त्याआधी इंग्रजीत 'चांगला'च्या विरुद्ध 'ईव्हिल'चं जुनं रूप वापरत. म्हणजे जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात. साम्य आजचं आहे आणि योगायोगाचं आहे. उलट 'नाम' आणि 'नेम' जितकं मागे जावं तितके जवळ येतात: जुनं इंग्रजी 'नामा', लॅटिन 'नोमेन', संस्कृत 'नामन्'. एकाच सामासिक शब्दात पहिला तुकडा परका आणि दुसरा सख्खा. भाषाशास्त्राचा पहिला धडा शिकवायला यापेक्षा सोयीचा शब्द मला माहीत नाही.

कुलकर्ण्यांचं पाहा. कुलकर्णी हे वतनावरून पडलेलं नाव. पंढरपूरकडचे कुलकर्णी आणि बेळगावकडचे कुलकर्णी आडनावाने एक, म्हणून भाऊबंद ठरत नाहीत. आणि एकाच घरातला एक भाऊ कुलकर्णी राहिला, दुसरा देशपांडे झाला, तर आडनावं दोन असूनही सुतक एकच. खात्री करायची तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे जाऊन वही उघडायची.

शब्दांच्या दुनियेतले असे आडनाव बदललेले भाऊ म्हणजे सायकल, व्हील आणि चाक. ऐकायला कुठे काही जुळत नाही. पण 'सायकल' ग्रीक 'किक्लोस'वरून, 'चाक' संस्कृत 'चक्र'वरून, आणि 'व्हील'चं जुनं इंग्रजी रूप 'ह्वेओल'. तिघांचं मूळ एकच. सायकलचं व्हील बदलून आणतो तेव्हा आपण चाकालाच तीन नावांनी हाक मारत असतो.

पण हे नातं सिद्ध कसं करतात?

मनाला वाटलं म्हणून नाही. उच्चार बदलतात ते एकट्यादुकट्या शब्दात नव्हे, ओळीने. संस्कृत किंवा लॅटिनमध्ये जिथे शब्दारंभी 'प' आहे, तिथे इंग्रजीच्या घराण्यात 'फ' दिसतो: पितृ आणि फादर. जिथे 'द', तिथे 'ट': दश आणि टेन, द्वि आणि टू. लॅटिनमध्ये जिथे 'क', तिथे 'ह': शंभरला लॅटिनमध्ये 'केंतुम', इंग्रजीत 'हंड्रेड'. संस्कृतात त्या 'क'चा पुढे 'श' झाला, म्हणून 'शत'. आपलं 'दोनशे'मधलं 'शे' तेच.

हा नियम 'पाद' या एका शब्दावर चालवून पाहा. 'प'चा 'फ', 'द'चा 'ट'. निघालं काय? 'फूट'. दोन्ही व्यंजनं नियमाबरहुकूम. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ साली हा नियम नीट मांडला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने त्याआधीच त्यातलं बरंचसं हेरलं होतं.

याच नियमाने एक आणखी गंमत उलगडते. इंग्रजीत पायाला 'फूट', पण पायाने मारायचा तो 'पेडल'. दाताला 'टूथ', पण दातांचा डॉक्टर 'डेंटिस्ट'. बापाला 'फादर', पण बापाकडचं ते 'पॅटर्नल'. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द इंग्रजीचा घरचा, म्हणून त्याची व्यंजनं बदललेली. दुसरा फार नंतर लॅटिन-फ्रेंचमधून उसना आणलेला. तोवर बदलाची लाट ओसरून गेली होती, म्हणून त्याचे 'प' आणि 'द' जसेच्या तसे राहिले. 'डेंटिस्ट' आपल्या 'दंत'च्या इतका जवळ वाटतो तो यामुळे.

मग इंग्रजी संस्कृतातूनच आली ना?

हा प्रश्न येणारच, आणि उत्तर 'नाही' असं आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीत भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने होण्यासारखं नाही. तिन्ही कुठल्यातरी एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नाही, असं ते म्हणाले. इंग्रजीचं जर्मानिक घराणंही त्याच मुळाचं असावं, असं त्यांनी सुचवलं. आई ती हरवलेली भाषा. संस्कृत ही बहीण.

बहीणच कशावरून, आई का नाही? स्वरांवरून. संस्कृतात 'अष्ट', 'दश' आणि शेत या अर्थाचा 'अज्र', या तिन्हींत पहिला स्वर 'अ'. लॅटिनमध्ये मात्र अनुक्रमे 'ओक्तो', 'देकेम' आणि 'आगेर': ओ, ए आणि अ. ग्रीकमध्येही तसंच: 'ओक्तो', 'देका', 'आग्रोस'. संस्कृत आई असती, तर तिच्या एका 'अ'चे दोन लेकींनी एकमेकींना न विचारता नेमक्या त्याच शब्दांत तेच तीन तुकडे केले, असं मानावं लागेल. त्यापेक्षा मुळात तीन स्वर होते आणि ते संस्कृतात एकात मिसळले, हे सरळ आहे. यात संस्कृतचा मान काही कमी होत नाही. उलट या घराण्याचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी संस्कृत समोर आल्यावर. जाता जाता: 'अज्र'चं इंग्रजीतलं भावंड म्हणजे 'एकर'. आपण शेताची मापं सांगताना वापरतो तोच.

घरात एक भाषा, कचेरीत दुसरी

इंग्रजी शब्दांचा गोंधळ वाटतो तो त्यांच्या थरांमुळे, आणि मराठी माणसाला तो समजायला जड जाऊ नये. हात, घर, दूध, पाणी हे आपले शब्द संस्कृत-प्राकृतातून आलेले. पण कचेरीची पायरी चढलात की वकील, फिर्याद, दावा, जामीन, अर्ज, जप्ती; सगळी फारसी-अरबी. राज्य ज्यांचं, दफ्तर त्यांचं. इंग्लंडात १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून नॉर्मन राज्यकर्ते आले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. म्हणून हँड, हाउस, मिल्क, वॉटर घरचे. कोर्ट, जज, जस्टिस, प्रिझन फ्रेंच. न्यायालयातले वादप्रतिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा करायला १३६२ साल उजाडावं लागलं.

मेंढी चरत असेपर्यंत 'शीप', ताटात आली की 'मटन', हा फरकही नॉर्मनांचाच वारसा म्हणून सांगतात. सांगतात तितकी ही वाटणी काटेकोर नव्हती. 'मटन' आणि 'बीफ' हे शब्द जिवंत जनावरासाठीही पुष्कळ काळ वापरले जात. पण दोन थर होते, हे खरं.

नॉर्मनांच्या आधी उत्तरेकडून व्हायकिंग येऊन वसले होते. 'स्काय', 'नाइफ', 'एग', 'विंडो' हे त्यांचे शब्द. 'दे' हे सर्वनामसुद्धा. 'विंडो' म्हणजे मुळात 'वाऱ्याचा डोळा'. आपल्याकडे खिडकीला 'गवाक्ष' म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावं असं दोन्हीकडे सुचलं.

'एग'वरून तर चक्क भांडण झाल्याची नोंद आहे. इंग्लंडात छपाई आणणारे विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा किस्सा लिहिलाय. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने परदेशी निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्याला उतरले. त्यातल्या एकाने एका घरी जाऊन खायला मागितलं, खास करून 'एग्ज'. घरधनीण म्हणाली, 'मला फ्रेंच येत नाही.' तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. त्याला फक्त अंडी हवी होती. मग दुसऱ्या कोणीतरी 'एरेन' म्हटल्यावर बाईला कळलं. 'एरेन' हा दक्षिणेकडचा जुना इंग्रजी शब्द, 'एग' व्हायकिंगांचा. आता माणसाने लिहावं तरी काय, असं कॅक्स्टन वैतागून विचारतात. छापणाऱ्याची अडचण खरीच होती. अखेर 'एग' टिकला.

मूळ अर्थ तोच खरा अर्थ?

व्युत्पत्तीचा नाद लागला की लोक इथे घसरतात. 'अमुक शब्दाचा खरा अर्थ असा आहे' म्हणून वाद घालतात. पण शब्दाचा अर्थ वापरात असतो, जन्मदाखल्यात नसतो. 'नाइस' हा लॅटिन 'अडाणी' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. १३००च्या सुमाराला कोणाला 'नाइस' म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं. पुढे तो नखरेल, मग चोखंदळ, मग काटेकोर असा सरकत अठराव्या शतकात 'छान'वर येऊन टेकला. 'सिली'चा प्रवास नेमका उलटा: आधी सुखी, धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग खुळा. 'गर्ल' म्हणजे पूर्वी मूल, मुलगा असो की मुलगी. आपलंही वेगळं नाही. संस्कृतात 'साहस' म्हणजे आधी दांडगाई, अविचार. मराठीत ते कौतुकाचं झालं.

'डिअर' म्हणजे हरीण, पण जुन्या इंग्रजीत कोणताही पशू. संस्कृतातल्या 'मृग'चं नेमकं हेच झालं. आधी तो कोणताही रानटी पशू होता, म्हणून तर सिंह 'मृगेंद्र' आणि माकड 'शाखामृग'. नंतर आकसून हरणावर आला. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं, वाट मात्र एकच.

याउलट काही शब्द फुगतात. 'ऑइल' मुळात फक्त ऑलिव्हचं. 'तेल' मुळात फक्त तिळाचं. आज आपण 'शेंगदाण्याचं तेल' म्हणतो आणि कोणाला तिळाची आठवण होत नाही. 'पेट्रोलियम' म्हणजे लॅटिनमध्ये दगडाचं तेल. 'रॉकेल'सुद्धा 'रॉक ऑइल'च. स्टोव्हमध्ये ओतताना आपण जे म्हणायचो ते पेट्रोलियमचं भाषांतर होतं.

आपल्याकडून गेलेले

मराठी वाचकाला इथे एक शब्द हक्काने सांगावासा वाटतो: 'मंगूस'. आपलं मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजी लिखाणात शिरलं. तेलुगू-कानडीतही जवळचे शब्द आहेत, पण इंग्रजी कोश मराठीकडे बोट दाखवतात. 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस'. म्हणून 'मंगीस' होतं का? नाही, 'मंगूसेस'. त्याचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. 'डंगरी' म्हणजे कामगारांची जाड कापडाची विजार. ते नाव 'डुंगरी' नावाच्या भरड सुती कापडावरून आलं, आणि कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून, असं मानतात.

'ऑरेंज'चा प्रवास लांबचा. संस्कृत 'नारंग', तोही बहुधा द्राविड भाषांतून आलेला. मग फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा'. आपल्या नारिंगात 'न' आहे, ऑरेंजमध्ये गेला कुठे? युरोपातल्या बऱ्याच भाषांत 'एक' या अर्थाचा शब्द 'न'ने संपतो. 'उन नारंज' भराभर म्हटलं की दोन 'न' एकात विरघळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो 'न' 'उन'चाच. फ्रेंचमध्येच तो गळून पडला होता.

इंग्रजीने हा प्रकार स्वतःच्या घरातही केला, आणि त्यात आपला लाडका 'अंपायर' सापडतो. मूळ फ्रेंच 'नोनपेर', म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांच्या भांडणात बाहेरून आणलेला तिसरा. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ नूम्पेर'. त्याचं ऐकता ऐकता 'ॲन ऊम्पेर' झालं आणि 'न' कायमचा तुटला. 'अ नेप्रन'चं 'ॲन एप्रन' असंच झालं. त्याचा भाऊ 'नॅपकिन' मात्र 'न' सांभाळून आहे.

स्पेलिंगमधली मुकी अक्षरं

यातलं काही माहीत असून रोजच्या जगण्यात काय उपयोग, असं कोणी विचारेल. मुलाचा स्पेलिंगचा अभ्यास घेणाऱ्याला तरी आहे. 'नी', म्हणजे गुडघा, याच्या आधीचा मुका 'के' एके काळी उच्चारला जायचा. लॅटिन 'गेनू' आणि संस्कृत 'जानु' यांच्याशी नातं सांगणारं ते व्यंजन. उच्चार गेला, अक्षर राहिलं. सगळी मुकी अक्षरं इतकी प्रामाणिक नाहीत. 'डेट', म्हणजे कर्ज, यात 'बी' कधीच बोलला जात नव्हता. फ्रेंचमधून शब्द आला तो 'बी'शिवाय. पुढे पंडितांनी लॅटिन 'देबितुम'ची आठवण म्हणून तो घुसवला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ चूक. 'आइल' या दुसऱ्याच शब्दाशी नातं आहे असं समजून तो चिकटवला, आणि आजही पोरांचे मार्क त्यापायी जातात.

कोशातही उत्तर नसतं तेव्हा

अगदी साध्या शब्दांपुढे मोठमोठे कोश 'मूळ अज्ञात' असं लिहून मोकळे होतात. 'डॉग' हा त्यातला. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला 'हुंड' म्हणत, आजचा 'हाउंड'. लॅटिनमध्ये 'कानिस', संस्कृतात 'श्वन्'. वर 'शत' आणि 'हंड्रेड'मध्ये दिसला तोच श, क आणि ह यांचा हिशेब इथेही चोख बसतो. जुन्या लिखाणात 'डॉग्गा' असा एक शब्द क्वचित दिसतो. तो कुठून आला, कोणाला सांगता आलेलं नाही. हळूहळू त्याने 'हाउंड'ला शिकारी कुत्र्यांपुरतं बाजूला सारलं.

मराठीतही तेच. 'श्वन्'ची जागा 'कुत्रा'ने घेतली. त्याचंही मूळ धड ठरलेलं नाही. कुत्र्याला बोलावताना काढायच्या आवाजावरून हा शब्द आला असावा, असं काहीजण म्हणतात. आणि 'श्वान' उरला तो पोलिसांच्या श्वानपथकात.